पुंगीशिवाय पुंगी

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या छत्रपती संभाजीनगरातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनात नागनृत्य ठरले होते. कीबोर्ड वाजविणारा आठवीतला मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. "सर, सूर बरोबर लागतात, तरी मुले हसतात. म्हणतात, हा गारुडी नव्हे, हा तर बासरीवाला कृष्ण!" त्याच्या कीबोर्डावर पुंगीचे बटण नव्हते, म्हणून त्याने बासरीचे दाबले होते. कार्यक्रमाला आठच दिवस उरले होते.

गंमत अशी, की ज्या पुंगीची तो नक्कल करीत होता, तीही खरी पुंगी नव्हतीच! १९५४ साली 'नागिन' हा हिंदी चित्रपट आला. त्याचे संगीतकार हेमंतकुमार. त्यातील गाजलेली पुंगी कल्याणजी यांनी 'क्लॅव्हियोलिन' नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजविली होती. पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले म्हणून प्रसिद्धीस आले, तेच हे कल्याणजी. क्लॅव्हियोलिन हे फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली तयार केलेले वाद्य. यात ना नळी, ना फुंक. निर्वात नलिकांच्या मंडलात विद्युत्-कंपने निर्माण होत आणि ध्वनिवर्धकातून ऐकू येत. मग पुंगी आली कोठून?

आपल्या संगीतशास्त्रात नादाचे तीन गुण सांगतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. सूर तोच असूनही बासरी व पेटी वेगळ्या ओळखू येतात, त्या जातीमुळे. समजा, सेकंदाला ४४० कंपनांचा सूर वाजविला. त्या मूळ स्वराबरोबर ८८०, १३२०, १७६०, २२०० अशा दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतेचे बारीक स्वरही उमटतात. यांना संनादी म्हणतात. कोणता संनादी किती जोरकस, यावर जाती बरीचशी ठरते.

पुंगीच्या भोपळ्यात फुंकले, की नळीच्या तोंडाशी असलेली पातळ जिव्हाळी थरथरते. ध्वनीच्या दृष्टीने नळीचे ते टोक बंद असते, दुसरे उघडे. अशा सरळ नळीत १, ३, ५ हे विषम संनादी प्रबळ होतात. क्लॅव्हियोलिनमधील तरंगाचा आकार जवळजवळ चौकोनी असे आणि शुद्ध चौकोनी तरंगातही नेमके विषम संनादीच असतात! बासरीची नळी मात्र दोन्ही टोकांना उघडी असल्यासारखी वागते. तिचा आवाज मऊ असतो, त्यात मूळ स्वरच वरचढ ठरतो.

आता उपाय सुचला. बँडमधील क्लॅरिनेट हीसुद्धा जिव्हाळीची, एका टोकाला बंद, सरळ नळी. मी त्या मुलाला क्लॅरिनेटचे बटण दाबायला सांगितले. आवाज लगेच पुंगीकडे झुकला, पण अजून निर्जीव वाटत होता. मग आम्ही तीन गोष्टी केल्या. क्लॅव्हियोलिनवर एका वेळी एकच सूर वाजत असे, म्हणून उजव्या हाताने एका वेळी एकच पट्टी दाबायची. सूर सेकंदाला पाच-सहा वेळा किंचित हलता ठेवायचा आणि सूर वाकविणाऱ्या चाकाने एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे. पुंगीची दुसरी नळी अखंड एकच सूर धरते. ते काम डाव्या हाताच्या एका बोटाने केले.

संमेलनात कोणी हसले नाही. पुढच्या रांगेतले एक चिमुरडे तर आईला बिलगले!

मित्रांनो, तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. पेटी, बासरी, पियानो यांचा एकच लांब सूर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. प्रत्येकाचा सुरुवातीचा भाग कापून टाका आणि उरलेला मित्राला ऐकवा. त्याला वाद्य ओळखता येते का? चुकला, तर त्याला दोष देऊ नका. जातीचे सगळे गुपित संनादींत नसते, काही सुराच्या आरंभातही दडलेले असते. पुढच्या वेळी एखादा आवाज दुसऱ्या वाद्यावर काढायचा असेल, तर बटणावरचे नाव शोधू नका. तो आवाज कशाकशाचा बनला आहे, हे आधी कानाने शोधा.