पावती जपली, म्हणून...

पाडव्याच्या आदल्या दिवशी नागपूरच्या शोरूममधून फोन, "मॅडम, वीस हजार जास्त लागतील, नाहीतर बुकिंग रद्द." पुसदला घरी पूजेचं ताट तयार! हे म्हणाले, "जाऊ दे, कुठे भांडतेस?" पण पैसे माझ्या भिशीचे होते. पावती आणि ठरलेल्या किमतीचा कागद काढला, स्पीड पोस्टानं पत्र धाडलं. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. हे सगळं पत्रात लिहिलं. आठवड्यानं गाडी मिळाली, ठरल्या किमतीतच. पाडवा हुकला तो हुकलाच! मैत्रिणींनो, तोंडी शब्दावर विसंबू नका. अडलंच तर १९१५ फिरवा.