पसंतीक्रम, लिलाव आणि एक जोड पदवी

अमेरिकेतल्या एमआयटीत विभागांना नावापेक्षा आकड्यानंच ओळखतात. संगणकशास्त्र सहा, अर्थशास्त्र चौदा. तिथं २०१७ मध्ये ‘६-१४’ ही पदवी सुरू झाली, तेव्हा कुठले दोन विभाग एकत्र आले हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. अल्गोरिदम, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र, सगळं एकाच अभ्यासक्रमात.

या दोघांची सोयरीक कशी जुळली, हे बॉस्टनच्या शाळाप्रवेशावरून कळतं. तिथं पालक शाळांचा पसंतीक्रम भरून देत. जुन्या पद्धतीत आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंतीचे प्रवेश होत आणि ते कायम होत. नावाजलेली शाळा पहिली लिहिली आणि ती हुकली, की दुसरीही तोवर भरलेली असायची. म्हणून जाणकार पालक मनातली शाळा सोडून मिळण्याजोगी शाळा वर लिहीत. ही खोच ज्यांना ठाऊक नव्हती, त्यांची मुलं मागे राहत. आल्विन रॉथ, पराग पाठक आदी अर्थतज्ज्ञांनी हा दोष दाखवून दिला आणि २००५ मध्ये बॉस्टननं पद्धत बदलली. आता शेवटच्या फेरीपर्यंत प्रत्येक जागा तात्पुरती. त्या शाळेत जास्त प्राधान्य असलेलं मूल नंतर आलं तरी त्याला ती मिळते. खरी पसंती लिहिणाऱ्याचं नुकसान होत नाही. या कृतीचं मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांच्या १९६२ च्या लेखात आहे.

आयआयटी-एनआयटीच्या ‘जोसा’ प्रवेशातही याच घराण्यातला अल्गोरिदम चालतो. तरी ‘मिळेल ते आधी लिही’ असा सल्ला देणारे काका घरोघरी भेटतातच!

कधी अर्थशास्त्र संगणकावाचून अडतं. २०१६-१७ मध्ये अमेरिकेनं टीव्ही केंद्रांकडून प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी लिलावानं विकत घेऊन मोबाइल कंपन्यांना विकल्या. कंपन्यांच्या बोली १९.८ अब्ज डॉलरवर गेल्या. लिलावाची आखणी पॉल मिलग्रोम आदींची. पण केंद्रांना देऊ केलेली किंमत उतरवताना दर वेळी एक प्रश्न सोडवावा लागे: उरलेली केंद्रं एकमेकांत व्यत्यय न आणता कमी वाहिन्यांत बसतील का? ते कोडं सोडवणारी प्रणाली केविन लेटन-ब्राउन या संगणकशास्त्रज्ञाच्या गटानं लिहिली.

भारतात एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला यूजीसीनं २०२२ मध्ये परवानगी दिली. मात्र सकाळी कोडिंग आणि दुपारी मागणी-पुरवठा, एवढ्यानं दोन्ही विषय एकमेकांना भेटत नाहीत. वेळापत्रक मात्र दुप्पट होतं. अशा जोड शिक्षणाला प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमात गेम थिअरी, मार्केट डिझाइन किंवा इकॉनॉमेट्रिक्स आहे का आणि त्यासाठी प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहावे लागतात का, हे विभागात जाऊन विचारावं.