सतरा वर्षांनी आलेला अल्बम

हार्ड रॉक म्हटलं की आपल्या घरांत दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, 'आवाज कमी कर'. दुसरं, 'आधी नोकरी लागू दे, मग वाजव काय ते'. या दोन्हींना पुरून उरलेला एक बँड आपल्या मुंबईचाच आहे : इंडस क्रीड.

१९८४ मध्ये तो 'रॉक मशीन' या नावाने सुरू झाला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर हे त्यातले ओळखीचे चेहरे. त्या काळी कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवली की टाळ्या हमखास मिळायच्या. या मुलांनी मात्र स्वतःची इंग्रजी गाणी लिहिली आणि १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला. १९९१ मध्ये एमटीव्ही भारतात आलं आणि त्यांचे व्हिडिओ टीव्हीवर दिसू लागले. १९९३ मध्ये बँडचं नाव बदललं, १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये सगळं थांबलं.

२०१० मध्ये बँड पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवाले झुबिन बालापोरिया हे जुने. बासवर रुषाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे तरुण. जुनी गाणी वाजवून आठवणींवर निभावता आलं असतं. त्यांनी २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नवा अल्बम आणला. मधली वर्षं १७!

दरम्यान रॉकची जागाही बदलली होती. मुंबईच्या रंगभवनसारख्या उघड्या मैफली ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे बंद पडल्या आणि बँड बंदिस्त क्लबांमध्ये आले. क्लबचा दौरा म्हणजे ऐषाराम नव्हे. बहुधा गुरुवार ते शनिवार, रोज नवं शहर. दुपारी साउंड चेक. ड्रमसेट आणि अँप तिथले किंवा भाड्याचे, स्वतःची गिटार आणि पेडल मात्र विमानातून सांभाळत न्यायची. समोर शे-दोनशे माणसं, त्यातली निम्मी जेवणात गुंतलेली. नवं गाणं सुरू झालं की त्यांनी मान वर करून पाहिलं, तर ते गाणं जिंकलं.

मी राहतो अफझलगंजला, ऑफिस हायटेक सिटीत. एमजीबीएसहून मेट्रो धरायची, अमीरपेटला बदलायची. याच रस्त्याने माझ्यासारखे कितीतरी जण रोज जातात. त्यांतल्या अनेकांनी बीई करताना बँडमध्ये वाजवलंय आणि प्लेसमेंट झाल्यावर गिटार कपाटावर ठेवलीय. घरच्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हप्ते, मुलांची शाळा, आईबाबांची औषधं हे सगळं खरंच आहे. पण 'मग वाजव' मधलं 'मग' कधी येतं, हे कुणी विचारत नाही. इंडस क्रीडने ते स्वतःच ठरवलं, म्हणून मला हा बँड महत्त्वाचा वाटतो.

म्हणून मंडळाला एक विनंती. येत्या गणेशोत्सवात एका संध्याकाळी अर्धा तास तिशी-चाळिशीतल्या वादकांना द्यावा. अट एकच : गाणं स्वतःचं हवं, मराठी असो की इंग्रजी. आवाजाचं काय ते आम्ही बघू. रात्री दहाच्या आत आटोपू. काका-काकूंनी फक्त पुढच्या रांगेत बसावं.

आणि मित्रांनो, गिटारच्या तारा गंजल्या असतील. आजच बदलून घ्या.