एका ताटातले प्रवासी

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मराठीचे धडे वाचता. प्रश्नांची उत्तरे लिहिता. परीक्षेत गुणही मिळवता. पण एखाद्या अनोळखी माणसाशी मराठीत बोलायची वेळ आली, की काय होते? शब्द ठाऊक असतात, पण ओठांवर येत नाहीत. 'माझे चुकले तर लोक हसतील' अशी भीती वाटते. ही भीती घालवण्याचा एक सोपा उपाय आहे. बोलण्याची सुरुवात खाण्यापिण्यापासून करावी. भूक सर्वांनाच लागते, आणि खाण्याबद्दल दोन शब्द बोलायला सर्वांनाच आवडते.

समजा, तुमच्यासारखाच आठवीतला एक मुलगा आपल्या मामांबरोबर मालेगावहून पुण्याला निघाला आहे. संगमनेर आले. एस.टी. थांबली. 'गाडी पंधरा मिनिटं थांबेल,' असे कंडक्टरने सांगितले. मामा म्हणाले, "तू काहीतरी खाऊन घे. मी सामानाजवळ बसतो." मुलगा उपाहारगृहात गेला. भिंतीवर पदार्थांची नावे लिहिली होती : मिसळ, समोसा, साबुदाणा खिचडी, शिरा, चहा. सगळी नावे त्याला वाचता आली. पण वाढणाऱ्या मावशींनी "काय देऊ?" असे विचारताच त्याची जीभ अडखळली. त्याने शेजारच्या माणसाच्या बशीकडे नुसते बोट दाखवले.

ती मिसळ होती, आणि चांगलीच तिखट होती. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आले. "मावशी, मिसळ तिखट आहे का?" एवढे एकच वाक्य त्याने विचारले असते, तर ही वेळ आली नसती.

समोर एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी आपली शिदोरी सोडली होती. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हटले, "तिखट लागली का रे बाळा? घे, ही भाकरी खा थोडी." मुलाने भाकरीचा तुकडा घेतला. मग हळूच म्हणाला, "आजोबा, भाकरी छान आहे." झाली बोलायला सुरुवात! आजोबा नारायणगावजवळचे होते. त्यांच्या शेतात टोमॅटो होता. टोमॅटोच्या भावापासून मालेगावच्या यंत्रमागांपर्यंत दोघांच्या गप्पा रंगल्या. बोलताना मुलगा एकदा 'माझी चहा' म्हणाला. 'माझा चहा' असे म्हणायला हवे होते. पण आजोबांना अर्थ कळला. ते हसले नाहीत.

आता त्या टेबलावर काय काय होते, ते आपण नीट पाहू या. तुम्हांला मोठे आश्चर्य वाटेल.

प्रथम आजोबांची भाकरी घ्या. ज्वारीची भाकरी म्हणजे महाराष्ट्राचे अगदी घरचे अन्न. पण ज्वारी मूळची कोठली? आफ्रिका खंडातली. हजारो वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून भारतात आली आणि इथल्या काळ्या मातीत रुजली. बाजरीचे मूळही आफ्रिकेतच आहे. भाकरीबरोबर आजोबांनी झुणका आणला होता. तो हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचा, म्हणजे बेसनाचा करतात. हरभरा फार प्राचीन काळी पश्चिम आशियातून इकडे आला.

झुणक्यात आणि मिसळीत मिरची होती. मिरचीवाचून आपले जेवण होईल, अशी कल्पनाही करवत नाही. परंतु पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी भारतात कोणीही मिरची पाहिली नव्हती. तेव्हा पदार्थ तिखट करण्यासाठी मिरे आणि आले वापरत. मिरची अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतले. त्यांच्या जहाजांतून मिरची इकडे आली. ती मिऱ्यासारखी झोंबते, म्हणून तिला मिऱ्यावरूनच नाव मिळाले.

बटाटा, टोमॅटो आणि शेंगदाणा हेही अमेरिका खंडातलेच. तुम्ही घरी 'आलू' म्हणता, मराठीत 'बटाटा' म्हणतात. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज 'बटाटा'वरून जशाच्या तसा आला आहे. मिसळीबरोबरचा 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच. मात्र 'पाव किलो' मधला पाव निराळा. तो चौथा हिस्सा. तो तर तुमच्या उर्दूतही आहे.

साबुदाण्याची गोष्ट आणखी मजेची आहे. महाराष्ट्रात उपवासाच्या दिवशी घरोघरी साबुदाण्याची खिचडी करतात. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओका नावाच्या कंदापासून करतात. हा कंद दक्षिण अमेरिकेतला. तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात साबुदाण्याचे पुष्कळ कारखाने आहेत. खिचडीत घातलेले शेंगदाणे, बटाटा आणि मिरची हेही अमेरिकेतून आलेले पाहुणे. पण आज त्यांना पाहुणे कोण म्हणेल?

आता समोसा पाहा. फारसीत त्याचे जुने नाव 'संबूसा' असे आहे. मोरोक्कोचा प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात दिल्लीला सुलतान मुहंमद तुघलकाच्या दरबारी होता. तिथल्या मेजवानीचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. बारीक कुटलेले मांस, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला पातळ पोळीत भरून तुपात तळलेला पदार्थ त्या मेजवानीत होता. त्या समोशात बटाटा नव्हता. असणार तरी कसा? बटाटा भारतात यायला अजून काही शतके लागायची होती!

शेवटी चहा. चहाचे झाड चीनमधले. चीनच्या बऱ्याच भागांत त्याला 'चा' म्हणतात. दक्षिणेकडच्या फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावर मात्र 'ते' म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी त्या किनाऱ्यावरून जहाजे भरली. म्हणून युरोपातील अनेक भाषांत 'ते' गेला आणि इंग्रजीत त्याचा 'टी' झाला. 'चा' हा शब्द खुष्कीच्या मार्गाने इराणात पोहोचला. तिथे तो 'चाय' झाला आणि उर्दूतही 'चाय'च राहिला. मराठीतला 'चहा' हाही त्याच 'चा'चा वंशज. म्हणजे तुमची चाय आणि मराठीतला चहा ही सख्खी भावंडे आहेत. फरक एवढाच, की उर्दूत चाय स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत चहा पुल्लिंगी आहे.

भारतात आसाममध्ये इंग्रजांनी चहाचे मळे लावले. १८३९ साली आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला. पण तेव्हा आपल्याकडे सामान्य माणूस रोज चहा पीत नव्हता. १९०३ साली चहावर निर्यात कर बसवण्यात आला. त्या पैशांतून चहाचा प्रचार होऊ लागला. बाजारात, रेल्वे स्टेशनांवर लोकांना चहा करून दाखवत, पाजत. अशा रीतीने घरोघरी चहाची सवय लागली. आज पाहुणा आला आणि चहा विचारला नाही, तर त्याला चुकल्यासारखे वाटते. ही रीत फार जुनी वाटते, पण तिचे वय शंभर-सव्वाशे वर्षांहून फारसे जास्त नाही.

पाहिलेत ना? एका छोट्या टेबलावर आफ्रिका, अमेरिका, इराण आणि चीन एकत्र आले होते. जेवणाचे पदार्थ जसे प्रवास करतात, तसे शब्दही प्रवास करतात. मराठी स्वयंपाकघरात शिरा, तुमच्या ओळखीचे कितीतरी शब्द भेटतील. मसाला, मैदा, तवा, चमचा, बदाम, पिस्ता, अंजीर हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत. काहींनी थोडा वेश बदलला आहे. शरबतचे 'सरबत' झाले, मुरब्ब्याचा 'मुरंबा' झाला, प्याल्याचा 'पेला' झाला, दारचीनीची 'दालचिनी' झाली. उपाहारगृहातील 'खुर्ची' म्हणजे मूळची अरबी 'कुर्सी', आणि गल्ल्यावरचा 'हिशेब' म्हणजे 'हिसाब'. तेव्हा मराठी बोलायला तुम्ही रिकाम्या हातांनी जात नाही. तुमची शिदोरी तुमच्याजवळच आहे.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे. दख्खनी बोलीत 'नक्को' म्हणतात ना? तो मराठीतला 'नको' आहे. दख्खनच्या लोकांनी तो उचलला आणि आपलासा केला.

तरीही काही शब्दांपासून सावध राहायला हवे. ते दिसायला ओळखीचे असतात, पण अर्थ वेगळा असतो. मराठी घरात सकाळी कोणी विचारले, "न्याहारी झाली का?" तर ते मटणाच्या निहारीबद्दल विचारत नाहीत. न्याहारी म्हणजे सकाळचे खाणे. मुळात दोन्ही शब्द एकच. 'नहार' म्हणजे दिवस. मराठीत ते सकाळच्या खाण्याचे नाव झाले आणि उर्दूत सकाळी खाण्याच्या एका पदार्थाचे. तसेच, उर्दूत 'शीरा' म्हणजे साखरेचा पाक, तर मराठीत 'शिरा' म्हणजे रवा तुपात भाजून केलेला गोड पदार्थ. 'तिखट' म्हणजे झणझणीत, आणि लाल मिरचीच्या पुडीलाही तिखटच म्हणतात.

बोलण्याच्या काही रीतीही लक्षात ठेवा. मराठीत चहा 'पितात', पण समोरच्याला विचारताना "चहा घेणार का?" असे म्हणतात. वयस्कर माणसाला आजोबा, आजी म्हणावे. वाढणाऱ्या बाईंना मावशी, आणि तरुण माणसाला दादा म्हणावे. त्यांच्याशी बोलताना 'दे' न म्हणता 'द्या' म्हणावे. कोणी आग्रह केला आणि पोट भरलेले असले, तर नुसते 'नको' म्हणून तोंड फिरवू नये. "आत्ता नको आजी, पोट भरलं," असे म्हणावे. ऐकणाऱ्याला बरे वाटते. "जेवण झालं का?" असे कोणी विचारले, तर ती चौकशी नुसत्या जेवणाची नसते. 'तू बरा आहेस ना?' असेच ते विचारत असतात.

आता आपण पुन्हा त्या उपाहारगृहात जाऊ. गाडी सुटायला पाच मिनिटे उरली होती. मुलगा उठला, मावशींपाशी गेला आणि म्हणाला, "मावशी, दोन चहा द्या. एक कमी साखरेचा." कमी साखरेचा चहा आजोबांसाठी होता. मघाशी गप्पांत त्यांनी तसे सांगितले होते. मावशींनी दोन पेले भरले आणि विचारले, "मिसळ आवडली का?" तो म्हणाला, "आवडली, पण फार तिखट होती." मावशी हसल्या. म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाही का? रस्सा कमी घातला असता."

हे हसणे त्याच्या भाषेला नव्हते. त्याला हवे ते हसणे होते.

गाडी पुढे निघाली. नारायणगावला आजोबा उतरले. उतरताना म्हणाले, "टोमॅटोच्या दिवसांत ये रे बाळा, मामांना घेऊन." मुलाने खिडकीतून हात हलवला. मामांनी विचारले, "कोण होते ते?" मुलगा म्हणाला, "ओळखीचे आहेत."

मित्रांनो, तुम्ही पुढच्या वेळी प्रवासाला निघाल, तेव्हा पुस्तक पिशवीत असू द्या. समोरच्या माणसाला एवढेच विचारा, "तुमच्याकडे जेवणात काय करतात?" मग शांतपणे ऐका. पुढचे वाक्य तुम्हांला आपोआप सुचेल.