पंधरा किलोंची बॅग

‘बॅग भरून ठेव, पण घराबाहेर पाऊल टाकू नकोस!’ नैरोबीहून आमच्या को-ऑर्डिनेटरचा फोन आला, तेव्हा मी किसुमूत टीव्हीसमोर बसले होते. तारीख ३० डिसेंबर २००७. केनियाच्या निवडणुकीत मवाई किबाकी जिंकल्याचं जाहीर झालं आणि तासाभरात त्यांनी शपथही घेतली. किसुमू म्हणजे रायला ओडिंगांचा बालेकिल्ला. इथे हा निकाल कुणाला पटणार? थोड्याच वेळात टायर जळल्याचा वास यायला लागला.

पुण्यातल्या आयटीच्या नोकरीतून वर्षभर सुट्टी घेऊन मी इथल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला आले होते. (‘इथली मुलं संपली का?’ इति आई.) व्हिक्टोरिया सरोवराचा काठ, रोजची उगाली आणि ‘आठवडा ढकल’ अशा अर्थाच्या झकास नावाची पालेभाजी, सुकुमा विकी. घरमालकिणीला सगळे ‘मामा’ म्हणायचे. स्वाहिलीत मामा म्हणजे आई! पहिला आठवडा मला हसूच आवरेना.

अशा वेळी परदेशी स्वयंसेवकांसाठी पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी सावध राहा, मग आहात तिथेच थांबा, मग सगळे एका ठिकाणी जमा आणि शेवटी देशाबाहेर. आमचं घोडं दुसऱ्या पायरीवर अडलेलं. पंधरा किलोंची बॅग दाराशी, पासपोर्ट अंगावर. बाहेर संचारबंदी, टीव्हीवर थेट बातम्यांना बंदी. दुकानं बंद, त्यामुळे मोबाइलचं स्क्रॅच कार्डही मिळेना. एसएमएसवरून अफवा मात्र धडाधड!

खरं सांगू? जाम घाबरले होते, पण आतून थोडं थ्रिलही वाटत होतं. आपल्याला न्यायला कुणीतरी येणार हे ठाऊक असलं, की भीतीलाही जरा ऐट येते.

ती ऐट दुसऱ्या रात्री उतरली. आमच्या शाळेतले गणिताचे सर मागच्या दाराशी उभे होते. ते किकुयू, म्हणजे किबाकींच्या जमातीचे. मामा लुओ. तिने एक शब्द न विचारता त्यांना कोठीच्या खोलीत घेतलं. गावात किकुयूंची घरं पेटत होती, दुकानं लुटली जात होती, पोलिसांच्या गोळ्यांनी पोरं मरत होती. १ जानेवारीला एल्डोरेटजवळ किअंबात चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना जाळल्याचं कळलं, तेव्हा सर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

मी को-ऑर्डिनेटरला विचारलं, गाडीत अजून एक जागा होईल? ‘यादी स्वयंसेवकांचीच आहे. विमा तेवढ्यांचाच.’ त्याच्या हातात तरी काय होतं म्हणा! मी भांडले, रडले. आणि चौथ्या दिवशी गाडी आली, तेव्हा निमूट जाऊन बसले. आदल्या रात्रीच मामाच्या भावाने सरांना पोलिस ठाण्यात पोचवलं होतं. तिथे कितीतरी किकुयू कुटुंबं उघड्यावर पडून होती.

मी पुण्यात पोचले. अमेरिकेच्या पीस कोअरनेही २००८ मध्ये तिथलं काम काही काळ थांबवलं. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारीला समझोता झाला, तोवर हजाराहून अधिक माणसं गेली होती, लाखो बेघर झाली होती.

मार्चमध्ये सरांचा एसएमएस आला. ते न्येरीला, बहिणीकडे होते. किसुमूला परतणार नव्हते. खाली एकच प्रश्न होता : ‘लॅबची किल्ली कुणाकडे दिलीस?’

ती माझ्या बॅगेतच होती.