पर्जन्यछाया

पर्जन्यछाया : बाष्पयुक्त वारे एखाद्या पर्वतरांगेवरून वाहत जाताना त्यांच्यातील पुष्कळसा पाऊस वाऱ्याकडील म्हणजे वाताभिमुख उतारावर व माथ्यावर पडतो, पलीकडील आडोशाच्या बाजूस मात्र तुलनेने फार थोडा पाऊस मिळतो. आडोशाच्या या कमी पावसाच्या पट्ट्यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. प्रकाशाच्या मार्गात वस्तू आली असता तिच्यामागे सावली पडते, त्या साम्यावरून हा शब्द रूढ झाला आहे. हे साम्य मर्यादित आहे. वस्तू प्रकाश अडविते, तसा पर्वत वारा पूर्णपणे अडवून धरीत नाही. वारा पर्वत ओलांडून पुढे जातो. परंतु ओलांडताना त्याचे तापमान व आर्द्रता बदलतात आणि या बदलातच पर्जन्यछायेचे कारण सापडते.

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पूर्वेस हा आविष्कार ठळकपणे आढळतो. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५५० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो, तर तेथून सरळ रेषेत सु. २५ किमी.वर असलेल्या वाई येथे तो सु. ७० सेंमी.च्या आसपास असतो. असाच फरक पुणे जिल्ह्यात दिसतो. घाटमाथ्यावरील लोणावळ्याचे वार्षिक पर्जन्यमान सु. ४०० सेंमी.च्या घरात आहे, तर पुण्याचे ७० ते ७५ सेंमी. आहे. लोणावळ्यापासून सरळ रेषेत सु. ४० किमी.वर असणारे पिंपरी-चिंचवड व त्याच्या ईशान्येकडील चाकण हा औद्योगिक पट्टा याच छायेत मोडतो. पश्चिमेकडील मावळात भात पिकतो, तर चाकणच्या परिसरात बाजरी, ज्वारी व कांदा ही पिके परंपरेने घेतली जातात. पावसाची रेषा पिकांवरूनही ओळखता येते, ती अशी.

हवा वर चढताना थंड का होते : उंचावर गेल्यास आपण सूर्याच्या जवळ जातो, मग तेथे अधिक उष्णता का नसते, असा प्रश्न साहजिकपणे विचारला जातो. सूर्य पृथ्वीपासून सु. १५ कोटी किमी. दूर आहे, त्या मानाने एक-दोन किमी. उंची नगण्य होय. शिवाय सूर्यप्रकाशाचा बराचसा भाग हवेतून आरपार जाऊन प्रथम जमीन व समुद्र यांना तापवितो आणि हवा मुख्यत्वे खालून तापते. खालची हवा वर चढू लागली म्हणजे दुसरी क्रिया सुरू होते. उंचीनुसार वातावरणाचा दाब घटत जातो. समुद्रसपाटीस तो सु. १,०१३ मिलिबार असतो, तर १,००० मी. उंचीवर सु. ९०० मिलिबार भरतो. त्यामुळे वर चढणारी हवा प्रसरण पावते. प्रसरण पावताना तिला भोवतालची हवा बाजूस सारण्याचे कार्य करावे लागते. या कार्यासाठी लागणारी ऊर्जा बाहेरून मिळत नसल्यामुळे ती हवेच्या स्वतःच्या उष्णतेतून खर्च होते व हवा थंड होते. खाली उतरणाऱ्या हवेच्या बाबतीत याच्या उलट घडते. ती दाबली जाऊन तापते. कारखान्यातील कॉम्प्रेसरचा सिलिंडर चालू असताना तापतो, याचे एक प्रमुख कारण हवा दाबली जाणे हेच असते. सायकलच्या पंपाचे खालचे टोकही हवा भरताना असेच गरम लागते.

कोरडी किंवा असंपृक्त हवा दर १,००० मी. चढीस सु. १०° से. थंड होते. थंड हवेत जलबाष्प सामावण्याची मर्यादा कमी असते. ३०° से. तापमानास एक घ.मी. जागेत जास्तीत जास्त सु. ३० ग्रॅ. जलबाष्प राहू शकते, तर २०° से. तापमानास केवळ सु. १७ ग्रॅ. राहू शकते. ही मर्यादा गाठलेल्या हवेस संपृक्त म्हणतात. त्यापुढेही हवा थंड होत राहिल्यास जादा बाष्प धूळ, मीठ, धूर इत्यादींच्या सूक्ष्म कणांवर जलरूपाने जमते व ढग तयार होतो. बाष्पाचे पाणी होताना दर ग्रॅममागे सु. ५८५ कॅलरी सुप्त उष्णता बाहेर पडते. त्यामुळे संपृक्त हवेच्या थंड होण्याचा वेग मंदावतो. पावसाळी उष्ण हवेत तो दर १,००० मी.ला सु. ४° से. इतकाच राहतो.

एक उदाहरण : कोकण किनाऱ्यावरील हवा २८° से. तापमानाची व ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची आहे असे मानू. सह्याद्रीच्या पायथ्याशी ती वर चढू लागली की, सु. ५०० मी. उंचीवर तिचे तापमान २३° से. होऊन ती संपृक्त होते व तेथे ढगाचा तळ दिसू लागतो. आणखी ५०० मी. चढून माथ्यावर पोहोचताना ती सु. २१° से.पर्यंत थंड होते. या टप्प्यात द्रवरूप झालेले सर्व पाणी घाटमाथ्यावरच पडले असे समजल्यास, पुढे पुण्याच्या सु. ५६० मी. उंचीपर्यंत उतरताना हवा पुन्हा दर १,००० मी.ला सु. १०° या प्रमाणात तापून २५° से.हून थोडी अधिक उष्ण होते. चढताना याच उंचीवर तिचे तापमान २३° से.हून किंचित कमी होते. म्हणजे पर्वत ओलांडताना हवा सु. २.५° से.ने अधिक उष्ण झाली. ही उष्णता पडून गेलेल्या पावसाने मागे ठेवलेली सुप्त उष्णता होय. तिची सापेक्ष आर्द्रताही आता १०० वरून सु. ८० टक्क्यांवर आलेली असते.

प्रत्यक्षात सर्व पाणी माथ्यावर पडत नाही, वाराही नेहमी सरळ चढत-उतरत नाही आणि हवेचे निरनिराळे थर एकमेकांत मिसळतात. म्हणून वरील आकडे दिशादर्शक समजावयाचे. मात्र ८० टक्के आर्द्रतेची हवा काही वाळवंटी हवा नव्हे. जुलैमध्ये चाकणच्या आकाशात दिवसचे दिवस ढग असतात, वारा दमट असतो, तरीही पाऊस भुरभुरीपलीकडे जात नाही, याचा उलगडा यातून होतो.

ढग असूनही पाऊस का नाही : ढगातील जलबिंदूचा व्यास सु. ०.०२ मिमी. असतो. स्थिर हवेत तो सेकंदाला जेमतेम एक सेंमी. वेगाने खाली येतो आणि हवेचा हलका झोतही त्यास तोलून धरतो. २ मिमी. व्यासाचा पावसाचा थेंब होण्यास असे सु. दहा लाख बिंदू एकत्र यावे लागतात. बिंदू एकमेकांवर आदळून मोठे होण्यासाठी ढग पुरेसा जाड असावा लागतो आणि हवा वर चढत राहावी लागते. घाटमाथ्यावर या दोन्ही अटी पुऱ्या होतात. पूर्वेकडे हवा उतरू लागली की, नवे पाणी मिळणे थांबते व असलेले बिंदू विरू लागतात. ताशी ३६ किमी. वेगाचा वारा लोणावळ्याहून चिंचवडला सु. एक तासात पोहोचतो. तेवढ्यात ढगाची जाडी घटलेली असते. ढग पर्वतास अडतात व रिते होऊन परततात, ही कल्पना म्हणूनच बरोबर नाही. ढग ही एका जागेहून दुसरीकडे नेली जाणारी वस्तू नसून, हवा चढते तेथे तो सतत घडत असतो व उतरते तेथे विरत असतो.

छायेच्या प्रदेशास पाऊस मुळीच मिळत नाही असे नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे निर्माण झाले म्हणजे पश्चिमेचे वारे जोर धरतात व पाऊस माथा ओलांडून पूर्वेस पोहोचतो. मे महिन्यातील वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गडगडाटी पाऊस हे तर जमीन तापून हवा जागच्या जागी वर चढल्यामुळे पडतात. त्यांना डोंगराची गरज नसते.

कारखाने व पाऊस : औद्योगिक वसाहती आल्यामुळे या भागातील पाऊस कमी झाला, असा समज ऐकू येतो. पिंपरी येथील पेनिसिलीनचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आले आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. पर्जन्यछाया याहून फार जुनी आहे; ती सह्याद्रीच्या उंचीची व मोसमी वाऱ्याच्या दिशेची निर्मिती आहे. धुरातील कणांचा ढगांवर परिणाम होतो हे खरे. कण वाढले की तेच पाणी अधिक व लहान बिंदूंत विभागले जाते आणि उथळ ढगांत थेंब होण्यास विलंब लागतो. तथापि घाटमाथा व पूर्वेकडील मैदान यांमधील अनेक पटींचा फरक अशा कारणाने होत नाही. काँक्रीट व डांबर यांमुळे रात्रीचे तापमान वाढणे हा शहरीकरणाचा परिणाम मात्र निश्चितच आहे.

कृत्रिम पावसाबद्दलही असाच विवेक हवा. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने (स्थापना १९६२) सोलापूरच्या पर्जन्यछायेच्या परिसरात २०१७ ते २०१९ या काळात ढगबीजनाचे प्रयोग केले. योग्य ढग उपलब्ध असल्यास पावसात काही टक्के वाढ होऊ शकते, असे त्यांतून दिसून आले. बीजनाने ढग मात्र निर्माण करता येत नाही.

पाण्याचा प्रश्न : या पट्ट्याचे जीवन शेजारच्या अतिवृष्टीच्या अरुंद पट्ट्यावर अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सु. १७ लाख लोकसंख्या असलेल्या पिंपरी-चिंचवड शहराचे पाणी प्रामुख्याने पवना धरणातून (१९७२) येते. हे धरण लोहगड, तुंग, तिकोना यांच्या परिसरात, म्हणजे घाटमाथ्यालगतच्या भरपूर पावसाच्या क्षेत्रात आहे. त्याचा उपयुक्त साठा सु. ८.५ टीएमसी म्हणजे सु. २४ कोटी घ.मी. आहे. खेड तालुक्यातील भामा आसखेड धरणाचे स्थानही असेच पश्चिमेकडील आहे. याच माथ्यावरील लोणावळा परिसरात साठविलेले पाणी पश्चिमेकडे सोडून खोपोलीच्या केंद्रात १९१५ पासून वीज निर्माण केली जाते. पाऊस जेथे पडतो व पाणी जेथे लागते ती ठिकाणे वेगळी असल्याने त्याच्या वाटणीचे प्रश्न तीव्र होतात. पवना धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेस विरोध करणाऱ्या मावळातील शेतकऱ्यांवर बऊर येथे ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांनी गोळीबार केला; त्यात तिघांचा मृत्यू झाला आणि योजना पुढे अनेक वर्षे रखडली. २०१९ च्या अखेरीस शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू करण्यात आला.

हवामानबदल : हवामान म्हणजे त्या त्या दिवसाची स्थिती नसून दीर्घ काळाची सरासरी व तीतील चढउतार होत. त्यामुळे एखाद्या कोरड्या वा अतिपावसाच्या वर्षावरून ते बदलले असे म्हणता येत नाही. हवेचे तापमान १° से.ने वाढल्यास तिची बाष्प सामावण्याची मर्यादा सु. ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून तापमानवाढीबरोबर एकूण पावसापेक्षा अल्पकाळात कोसळणारा पाऊस अधिक वाढतो. पश्चिम किनाऱ्यापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सु. तिपटीने वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात दरड कोसळून सु. दीडशे लोक दगावले. एखादी अशी घटना केवळ हवामानबदलामुळे घडली असे ठरविता येत नसले, तरी तशा पावसाची शक्यता वाढत आहे.

घाटमाथ्यावर थोड्या दिवसांत फार पाऊस व मध्ये दीर्घ उघडीप अशी स्थिती वाढल्यास धरणांतून पाणी सोडून द्यावे लागते आणि तरीही उन्हाळ्यात टंचाई भासते. पर्जन्यछायेच्या प्रदेशास पर्वत हलविता येत नाही. पाण्याचा पुनर्वापर, गळती रोखणे, भूजलाचे पुनर्भरण व धरणातील साठ्याचे काटेकोर नियोजन हेच उपाय त्याच्या हाती असतात.