मोडलेल्या ओट्याची भरपाई

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूस ओटा असतो. तमिळमध्ये त्यास ‘तिण्णै’ म्हणतात. वाटसरूने टेकावे, शेजाऱ्यांनी बोलत बसावे, यासाठी तो बांधलेला. तंजावरच्या एखाद्या खेड्यातील अरुंद गल्लीत सामान पोहोचविणारी मालमोटार वळली आणि तिच्या धक्क्याने ओट्याचा खांब कोसळला, तर नुकसान कोणी भरून द्यावे?

नोकराने काम करीत असता केलेल्या हयगयीबद्दल धनीही जबाबदार असतो, हे कायद्याचे तत्त्व होय. यास्तव केवळ चालकाशी हुज्जत घालून भागत नाही. दाद कोठे मागावी, हे मात्र सामान कोणाचे यावर अवलंबून असते. ते घरमालकानेच मागविले असून पोहोचविणे हा खरेदीचा भाग असेल, तर तो ग्राहक ठरतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे त्यास दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. गाडी शेजाऱ्याकडे चालली असेल, तर तो ग्राहक नव्हे. तथापि 1988 च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या मालमत्तेच्या हानीचे दावेही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सोपविले आहेत.

दोन्हीकडे पुरावा लागतोच. गाडीचा क्रमांक टिपून घ्यावा, पडझडीचे छायाचित्र काढावे, गवंड्याकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. पोहोच-पावतीवर सही करण्यापूर्वी तीवर नुकसानीची नोंद करावी. खांब पुन्हा उभारण्याची घाई मात्र करू नये; पडलेला खांब हाच पहिला साक्षीदार असतो.